मधली टाळी

संगीत मंडळाच्या सभागृहात तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची कितीही गर्दी झाली तरी कुणी बळकावत नसे. ती फ्रेमवाल्यांची होती. फ्रेमवाले म्हणजे पोस्टाच्या मागच्या गल्लीत ज्यांचं चित्रांना आणि फोटोंना फ्रेमा करून देण्याचं दुकान आहे ते. दिवसभर लाकडी पट्ट्या कापायच्या, कोपरे जुळवायचे, काच पुसून बसवायची, मागून पुठ्ठा ठोकायचा. आणि मंडळाचा कार्यक्रम असला की बोटांवरचा डिंक खरवडून, कोट चढवून त्या खुर्चीत जाऊन बसायचं. बसून काय करायचं? पहिली टाळी वाजवायची.

हसण्यासारखं त्यात काही नाही. शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमाला जे जातात त्यांना विचारा. वादक वाजवता वाजवता थांबतो, वाद्य खाली घेतो, डोळे मिटतो. झालं का? की चारातला एक भाग झाला आणि अजून तीन यायचेत? की तो आपला नुसता श्वास घेतोय? भागांच्या मध्ये टाळी वाजवायची नाही हा नियम सगळ्यांना पाठ. पण भाग कुठे संपतो आणि रचना कुठे संपते हे सांगायला वादक काही पाटी घेऊन बसत नाही. अशा वेळी सभ्य माणूस शेजाऱ्याकडे बघतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याकडे, आणि सगळं सभागृह एकमेकांची तोंडं बघत बसतं.

फार पूर्वी एकदा पाणीखात्यातल्या इंजिनियरसाहेबांना राहवलं नव्हतं. संथ लयीतला भाग थांबला आणि त्या शांततेत साहेबांनी टाळी वाजवली. एकट्यांनी, दणदणीत. स्टेजवरच्या बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढचा भाग सुरू केला. बस्स, एवढंच. पण माणूस त्या दिवसापासून आयुष्यातून उठला. त्यांचं नावच 'मधली टाळी' पडलं. नळाचं पाणी मधेच गेलं की लोक म्हणायचे, जाणारच, साहेबांची सवयच ती. साहेब निवृत्त झाले, नाव काही निवृत्त झालं नाही. तेव्हापासून ते शेवटच्या रांगेत बसतात, दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून, आणि कार्यक्रम संपला तरी ते बाहेर काढत नाहीत.

त्या प्रकारानंतर मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष, म्हणजे फ्रेमवाल्यांचे सासरे, यांनी टाळीचा कारभार स्वतःकडे घेतला. टाळी जबाबदार माणसाच्या हातात हवी, असं त्यांचं म्हणणं. सासऱ्यांनी वाजवली की सगळ्यांनी वाजवायची. तोवर हाताची घडी. पुढे वय झालं, हात थरथरायला लागले, एका टाळीच्या भलत्याच टाळ्या व्हायला लागल्या, तेव्हा त्यांनी जावयाला शेजारी बसवून काम शिकवलं.

"जावईबापू, एकच लक्षात ठेवा," ते म्हणाले होते. "ऐकत बसायचं नाही. ऐकत बसलात की चुकलात. खांद्यांकडे बघा. माणूस नुसता थांबतो तेव्हा खांदे वरच असतात. खरं संपतं तेव्हा खांदे उतरतात. ते उतरले की वाजवा."

फ्रेमवाल्यांनी हा सल्ला तंतोतंत पाळला. सासरे गेल्यावरही पाळला. मोठमोठे कलावंत येऊन गेले, पण फ्रेमवाल्यांना विचाराल तर त्यांना आठवतात ते खांदे. अमक्याचा डावा जरा वर, तमकीचे दोन्ही शेवटच्या सुराच्या आधीच ढेपाळायचे, फसवे खांदे, जपून राहावं लागायचं. कधी चूक झाली नाही. गावात त्यांना मान होता आणि तो त्यांना आवडत होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

बायको व्हायोलिन वाजवायची. वरच्या मजल्यावर घर, खाली दुकान. पुढच्या खोलीत ती शिकवणी घ्यायची, आणि दरवर्षी मंडळाच्या संगीत महोत्सवात एक रचना सादर करायची. तिलाही पहिली टाळी अर्थातच नवऱ्याची. शिकवणीची मुलं गेली की कधीकधी ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून एकटीच काहीतरी वाजवायची. छतातून ते खाली दुकानात झिरपायचं. दारावर कुणीतरी यायचं, नाहीतर फोन वाजायचा, की ते मधेच तुटायचं. फ्रेमवाल्यांचा समज असा की ती तारा जुळवते. विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

यंदा अध्यक्षबाईंच्या डोक्यात नवंच खूळ शिरलं. अध्यक्षबाई दातांच्या डॉक्टर. एखादी गोष्ट मनात आली की मुळासकट काढल्याशिवाय सोडायच्या नाहीत. शेजारच्या गावच्या महोत्सवात गाण्याबरोबर भाषणं ठेवली होती आणि पेपरात फोटो आला होता. मग आपल्याकडे का नको? दोन दुपारींचा महोत्सव, दर दुपारी एक वादन आणि एक व्याख्यान, विषय 'कलेचं स्वातंत्र्य'. व्याख्याते दोन ठरले होते. त्यातल्या एकांनी स्वातंत्र्य घेतलं आणि आलेच नाहीत, त्यामुळे दोन्ही दिवस एकाच गृहस्थांवर आले. उकाड्यातही गळ्यात लोकरी मफलर घालणारे हे गृहस्थ. त्यांना पहिल्या चहापासूनच सगळे 'स्वातंत्र्यवाले' म्हणायला लागले.

पहिल्या दुपारी बासरी झाली. चार भागांची रचना, शेवटचा भाग दोनदा थांबून पुन्हा उसळणारा, भल्याभल्यांना चकवणारा. फ्रेमवाल्यांनी डोळ्यांत तेल घालून बासरीवाल्याचे खांदे बघितले आणि नेमकी टाळी दिली. सभागृह कडाडलं. मधल्या सुट्टीत स्वातंत्र्यवाल्यांनी कौतुकाने विचारलं, "तुमचे श्रोते फार जाणकार दिसतात. सगळ्यांना एकदम कसं कळतं?"

विचारलं ते नेमकं मेहुण्याला. फ्रेमवाल्यांचा मेहुणा मंडळाचा चिटणीस, शिवाय दिव्यांची बटणंही त्याच्याकडेच. त्याच्या पोटात काही राहत नाही. त्याने मोठ्या अभिमानाने सगळी पद्धत सांगितली, वर तिसरी रांगही दाखवली.

सुट्टीनंतर स्वातंत्र्यवाले बोलायला उभे राहिले. आधी सुतळीसारखं लांबलचक काहीतरी झालं, कलावंत, सत्ता, कोरा कागद. मग ते थांबले, पाणी प्यायले आणि बोट रोखून म्हणाले, "मित्रहो, दूर कशाला जायचं? या सभागृहात गुलामी आहे. आणि ती तिसऱ्या रांगेत कडेला बसते."

सगळ्या माना वळल्या. फ्रेमवाल्यांनीही मागे वळून बघितलं, कोण बुवा हा म्हणून. मग कळलं.

"जी टाळी आपणहून वाजत नाही ती टाळी नव्हे, ती हजेरी आहे!" स्वातंत्र्यवाले गरजले. "कलावंताला स्वातंत्र्य हवं, तसं श्रोत्यालाही हवं. ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा त्याने टाळी वाजवावी. मी सुचवतो, पहिल्या टाळीचं हे पद आत्ता, या क्षणी रद्द करा."

अध्यक्षबाईंना पेपरातला फोटो डोळ्यांपुढे दिसायला लागला. त्या लगेच उठल्या. "सर्वांना मान्य असेल, तर ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर करू या."

सभागृहात चिडीचूप. ठराव सगळ्यांना मान्य होता, चेहऱ्यांवरून दिसत होतं. पण गजर करायचा कुणी? अध्यक्षबाई हसऱ्या चेहऱ्याने उभ्या, स्वातंत्र्यवाले हात पसरून उभे, आणि श्रोते तिसऱ्या रांगेकडे बघताहेत. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "अहो फ्रेमवाले, खोळंबा होतोय."

फ्रेमवाल्यांना अवघडल्यासारखं झालं. आपल्यामुळे लोक ताटकळलेत हे त्यांना कधीच सहन होत नसे. त्यांनी अध्यक्षबाईंच्या खांद्यांकडे बघितलं, ते उतरलेले होते, आणि त्यांनी टाळी वाजवली. सभागृह कडाडलं. पहिल्या टाळीचं पद एकमताने रद्द झालं.

फ्रेमवाले घरी आले. कोट काढून खुंटीला लावला, पुन्हा काढला, पुन्हा लावला. बायको उद्याच्या वादनासाठी व्हायोलिनच्या गजाला राळ घासत बसली होती. तिनेच सुरुवात केली.

"बरं झालं."

"बरं झालं? अगं, चारचौघांत गुलाम म्हणाला तो मला. तुझ्या वडिलांनी दिलेलं काम होतं ते."

"म्हणूनच म्हणतेय." तिने राळ खाली ठेवली. "अहो, आजवर माझ्या वाट्याला एकसुद्धा टाळी आलेली नाही."

"काहीतरीच काय! दरवर्षी सभागृह दणाणतं."

"ते तुमच्यामुळे. आधी बाबांमुळे, मग तुमच्यामुळे. मागे माझी तार तुटली होती, आठवतंय? उरलेली रचना मी कशीबशी ओढत नेली. तेव्हाही तेवढ्याच टाळ्या. जीव ओतून वाजवलं त्या वर्षीही तेवढ्याच. बापाने वाजवली म्हणून वाजवली, नवऱ्याने वाजवली म्हणून वाजवली. मी कशी वाजवते ते मला कुणी कधी सांगितलंच नाहीये."

आपण इतकी वर्षं हिला काहीतरी देत होतो अशी फ्रेमवाल्यांची समजूत होती.

"मला एकदा कळू दे," ती म्हणाली. "तुम्ही हात हलवले नाहीत, तर कुणाचे हलतात का. नाही हलले तरी चालेल. रडणार नाही मी. पण कळू दे."

"मी हात मांडीखाली दाबून बसेन."

"आणि खोकायचं नाही. मान डोलवायची नाही. लोक तुमच्या नाकाकडेसुद्धा बघत असतात."

"नाही डोलवणार."

"शपथ?"

"शपथ," ते म्हणाले, आणि त्यांना आतून फार एकटं वाटलं.

दुसऱ्या दुपारी भाषण आधी होतं. विषय, श्रोत्यांचं स्वातंत्र्य. स्वातंत्र्यवाले छान बोलले, ठरल्या वेळात आटोपलं, "धन्यवाद" म्हणून मफलर सावरत उभे राहिले. टाळी नाही. प्रत्येकाला टाळी वाजवायचं पूर्ण स्वातंत्र्य होतं, आणि प्रत्येक जण शेजाऱ्याला आधी ते घेऊ देत होता. न जाणो, हा भाषणाचा पहिलाच भाग असला तर? मधली टाळी व्हायची हौस कुणाला?

स्वातंत्र्यवाल्यांना वाटलं, लोकांची तहान भागलेली नाही. त्यांनी पुन्हा माइक धरला आणि आणखी थोडं स्वातंत्र्य सांगितलं. पुन्हा धन्यवाद. पुन्हा शांतता. टाळीशिवाय स्टेजवरून उतरायचं म्हणजे हार मानल्यासारखं, तेव्हा ते तिसऱ्यांदा सुरू झाले. आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून लहानपणापासून सांगू लागले. त्यांच्या घशाला कोरड पडली. डोळ्यांत काकुळती आली. वाक्य संपलं की ते तिसऱ्या रांगेकडे बघायचे, आणि तिसऱ्या रांगेत फ्रेमवाले हात मांडीखाली दाबून छताकडे बघायचे. काल गुलाम, आज सुटकेची आशा. आम्हाला विचाराल तर फ्रेमवाल्यांना थोडी मजाही वाटली असावी. शेवटी मेहुण्याने स्टेजवरचे दिवे घालवले. अंधारात स्वातंत्र्यवाले चाचपडत खाली उतरले आणि पहिल्या रांगेत अध्यक्षबाईंशेजारी कोसळले.

दिवे लागले तेव्हा बायको स्टेजवर उभी होती.

रचना चार भागांची. ती वाजवू लागली आणि फ्रेमवाल्यांची नजर सवयीने तिच्या खांद्यांवर गेली. पहिला भाग, खांदे वर. दुसरा, वर. तिसरा, वर. चौथ्या भागाच्या शेवटी गज तारेवरून उचलला गेला, एक क्षण हवेत राहिला, आणि खांदे उतरले. फ्रेमवाल्यांचे हात मांडीखाली उसळले. त्यांनी सगळं वजन टाकून ते दाबून धरले.

सभागृह गप्प.

बायकोने मान लववून अभिवादन केलं. गप्प. कुठेतरी एक खुर्ची कुरकुरली तशी अर्ध्या सभागृहाचे हात वर आले. ती खुर्चीच होती हे कळल्यावर ते हात केस सारखे करायला वळले. मग एकेक करून माना फिरल्या. स्टेजवरून तिला लोकांचे चेहरे दिसेनात, नुसते कान दिसायला लागले. सगळे तिसऱ्या रांगेकडे बघत होते.

पहिल्या रांगेत स्वातंत्र्यवाले अध्यक्षबाईंच्या कानाशी कुजबुजले, "बघा, किती मोकळे झालेत."

"मग तुम्ही वाजवा ना," बाई दातओठ खात म्हणाल्या.

"मी पाहुणा. पाहुण्याने ढवळाढवळ करू नये."

बायकोने शेवटचा भाग पुन्हा वाजवला. मघापेक्षा जोरात. पुन्हा खांदे उतरले, पुन्हा तीच शांतता. आता तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. हे फ्रेमवाल्यांना घरून माहीत होतं. पाळ्या लाल झाल्या की एकतर ती रडते नाहीतर भांडते. एक टाळी, एकच, आणि हिची सुटका होईल. सगळे वाजवतील, ती हसेल, घरी जाऊ. आणि पुन्हा कधी आपल्याशी नीट बोलणार नाही. त्यांनी हात आणखी आत सारले. हातांना मुंग्या येऊ लागल्या होत्या, मग मुंग्याही गेल्या.

मग बायकोने श्रोत्यांकडे बघणंच सोडून दिलं. स्टेजच्या कडेला मेहुण्याची बसायची खुर्ची होती, ती पायाने ओढून घेतली, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसते तशी तिरकी बसली, आणि वाजवू लागली.

फ्रेमवाल्यांना ते ओळखीचं वाटलं. छतातून झिरपणारं तेच. पण खाली दुकानात ते पट्टी कापण्याच्या आवाजात यायचं, तुकड्यातुकड्याने. असं सलग त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ती तारा जुळवत नव्हती तर. हे भलतंच काहीतरी होतं. त्यात दुपारचं रिकामं घर होतं, मुलं गेल्यावरची शांतता होती, कुणावर तरी केलेली थट्टा होती, आणि मधेमधे इतका राग होता की फ्रेमवाले खुर्चीत अंग चोरून बसले. हा राग कुणावर? बहुतेक आपल्यावर. मग एका वळणावर तो राग तिने हळूच खाली ठेवला, ओझं ठेवावं तसा, आणि सूर एकदम इतका मोकळा झाला की फ्रेमवाल्यांच्या डोळ्यांपुढची तिची आकृती पुसट झाली. डोळ्यांत पाणी आलं होतं. खांदे दिसत नव्हते. बघायचं राहूनच गेलं होतं.

नेमकी तिथे, जिथे घरी नेहमी दारावर कुणीतरी यायचं तिथे, ती थांबली. गज हवेत. खांदे वर. स्पष्ट वर धरलेले खांदे. सासऱ्यांच्या शाळेत पहिल्या दिवशी शिकवतात तसले. शेंबड्या पोरालाही कळलं असतं की हे संपलेलं नाही.

आणि फ्रेमवाल्यांनी टाळी वाजवली.

त्यांनी वाजवली असं तरी कसं म्हणावं. हात मांडीखालून कधी निघाले आणि एकमेकांवर कधी पडले त्यांचं त्यांना कळलं नाही. पण हात पार बधिर झालेले. एक उशी दुसऱ्या उशीवर पडावी तसे ते पडले, आणि आवाज म्हणून काही झालाच नाही. शेजारच्यालाही पत्ता लागला नाही. मग आपण काय केलं ते फ्रेमवाल्यांच्या ध्यानात आलं. मधली टाळी! त्यांनी घाईघाईने हात पुन्हा मांडीखाली कोंबले.

स्टेजवरून बायकोने ते पाहिलं. तिच्या भुवया वर गेल्या. मग गज तारेवर टेकवला आणि जे आजवर तिथून पुढे कधी गेलं नव्हतं ते पुढे नेलं, अगदी शेवटापर्यंत. या वेळी दारावर कुणी आलं नाही.

संपल्यावर ती टाळीसाठी थांबलीच नाही. व्हायोलिन पेटीत ठेवलं, कड्या लावल्या, खुर्ची मेहुण्याला परत केली आणि निघून गेली. श्रोते बसून होते. संपलं असं कुणी सांगितलं नव्हतं. मेहुण्याने एकेक करून सगळे दिवे घालवले तेव्हा ते नाइलाजाने उठले आणि एकमेकांचे पाय तुडवत मुकाट्याने बाहेर पडले.

दाराशी इंजिनियरसाहेबांनी फ्रेमवाल्यांना गाठलं.

"मी पाहिलं," ते हळूच म्हणाले.

"काय?"

"मधेच." साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. मग खिशातून उजवा हात बाहेर काढला, गावाने जो कित्येक वर्षं पाहिला नव्हता तो, आणि फ्रेमवाल्यांच्या पाठीवर ठेवला. "शेवटच्या रांगेत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते. तिथे पाय लांब करता येतात. येत जा."

बाहेर अजून उजेड होता. बायको पेटी खांद्याला अडकवून पुढे चालली होती, फ्रेमवाले धापा टाकत तिच्या बरोबरीला आले. बसथांब्याकडे जायला तोच एक रस्ता, त्यामुळे मागून सगळा श्रोतृवर्ग येत होता. सगळ्यांनाच काहीतरी अडकल्यासारखं झालं होतं. बायका पर्सचे बंद पिरगाळत होत्या, पुरुष बोटं मोडत होते. मेहुणा तेवढा पळत येऊन विचारून गेला, "भाऊजी, पुढच्या वर्षीचं काय करायचं?"

"नाही वाजवत लोक," बायको म्हणाली. "कळलं मला."

"अगं..."

"राहू दे. कळायला हवं होतं, कळलं." चार पावलं गेल्यावर ती म्हणाली, "ते संपलं नव्हतं."

"माहीत आहे."

"खांदे दिसले नाहीत तुम्हाला?"

"नाही बघितले." फ्रेमवाले थांबले. त्यांना ते बोलणं जड गेलं, पण बोलले. "आज मी ऐकत होतो. इतकी वर्षं नुसता शेवटाची वाट बघत बसलो होतो. तुझं काहीच ऐकलेलं नाही मी. आज पहिल्यांदा ऐकलं."

तिच्या कानांच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या, आणि आता ही रडणार की भांडणार हे फ्रेमवाल्यांना काही केल्या ओळखता येईना.

"काहीच नाही? लग्न झाल्यापासून?"

"काहीच नाही."

"आणि सांगताय तोंड वर करून!" ती म्हणाली, आणि मग तिने पेटी खाली ठेवली. ती पेटी तिने रस्त्यावर कधी ठेवली नव्हती. "हात बघू. बरे झाले का?"

"जीव नाही आलाय अजून."

तिने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि चोळायला लागली. बोटं, तळवे, डिंकाने खरखरीत झालेली पेरं. फ्रेमवाल्यांनी "आई गं" केलं. हातांत जीव परत येताना फार दुखतं. पुरते जागे झाले तसे तिने मनगटं धरून ते दोन्ही तळवे एकमेकांवर आपटले. एकदाच. खाडकन आवाज झाला.

मागच्या गर्दीला तेवढंच हवं होतं. पर्सा खाली पडल्या, छत्र्या काखेत गेल्या, आणि दुपारपासून कोंडलेलं सगळं एकदम फुटलं. अख्खा रस्ता कडाडला. लोक उड्या मारून टाळ्या पिटत होते. अध्यक्षबाई वाजवत होत्या, स्वातंत्र्यवाले मफलर सोडून वाजवत होते, कशाबद्दल ते बहुधा त्यांनाही ठाऊक नव्हतं. सगळ्यात मागे इंजिनियरसाहेब दोन्ही हात बाहेर काढून उभे होते. थांब्यावर बस आली, कुणी चढेना, तेव्हा ड्रायव्हरही वाजवायला लागला.

"अगं, बघ तरी मागे," फ्रेमवाले म्हणाले. "तुझ्यासाठी आहे."

बायकोने मागे बघितलं नाही. त्यांचे हात तिने अजून सोडले नव्हते.

"माझी मला मघाशीच मिळाली," ती म्हणाली. "ह्या त्यांच्या त्यांनी घरी न्याव्यात."